पाणी पाहून रंग निवडा
नकली मासे विकणाऱ्या व बनविणाऱ्या बांधवांसाठी

कोकण किनाऱ्यावरील आपल्या बांधवांचे समुद्राशी नाते जुने आहे. रत्नागिरीचा राजिवडा व मिरकरवाडा, दाभोळ, जयगड, साखरीनाटे अशा बंदरांतून दालदी समाजाच्या कित्येक पिढ्या मासेमारीवर जगल्या. होड्या, जाळी, बर्फ, वाहतूक आणि मासळीची विक्री या सर्व कामांत आपली माणसे पूर्वीपासून आहेत. अलीकडे त्यात आणखी एका धंद्याची भर पडली आहे. हौसेने गरवायला येणाऱ्या लोकांची संख्या वाढली असून त्यांच्यासाठी काठ्या, रीळ, तंगूस, गळ आणि नकली मासे विकणारी छोटी दुकाने किनाऱ्यावर व शहरांतही दिसू लागली आहेत. आमचेही असेच एक लहानसे दुकान आहे.

नकली मासा म्हणजे बाजारात ज्याला ‘लुअर’ म्हणतात तो. लाकूड, प्लॅस्टिक, रबर किंवा धातूचा, माशासारखा रंगविलेला आणि पोटाला व शेपटीला गळ लावलेला. तो पाण्यातून ओढला की खऱ्या माशाप्रमाणे हलतो आणि सुरमई, जिताडा, तांबोशी, रावस असे शिकारी मासे त्यावर झडप घालतात. बाहेरून येणाऱ्या नावाजलेल्या मालाचा एक नग पाचशे रुपयांच्या पुढे जातो. इतका महाग नग रिकामा परत आला की ग्राहक दुकानदाराच्या नावाने बोटे मोडतो. तेव्हा ग्राहकाला कोणता रंग द्यावा, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. या लेखात आम्ही त्याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

आमची चूक

प्रथम आमचीच फजिती सांगतो. दुकान काढल्याच्या पहिल्याच वर्षी, पावसाळा संपत आला असताना, मुंबईच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून आम्ही बारा डझन नकली मासे उचलले. पाठ निळी, अंग चांदीसारखे. हुबेहूब तारलीच. हातात घेतला की खाली ठेवू नये असा देखणा माल. निम्मी रक्कम रोख दिली, निम्मी उधार ठेवली. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही तोच माल पुढे केला आणि ‘याला मासा लागणारच’ असे छातीठोकपणे सांगितले.

आमचे त्या वेळचे बहुतेक ग्राहक खाडीत गरवणारे होते. सप्टेंबरअखेरची खाडी चहासारखी तांबडी होती. लोक गेले, दिवसभर फेकून दमले आणि हात हलवीत परत आले. तीन महिन्यांत दोन डझन नगसुद्धा खपले नाहीत. उधारीची मुदत आली तेव्हा घरातून पैसे काढून द्यावे लागले. त्याहून मोठे नुकसान वेगळेच होते. ज्यांना आम्ही खात्री दिली होती, त्यांतले दोन कायमचे ग्राहक पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत.

आमच्या शेजारच्या मोहल्ल्यात एक वयस्क तांडेल राहतात. जुम्म्याच्या नमाजनंतर ते दुकानात टेकले असता आम्ही त्यांच्यापुढे खोके ठेवले आणि मालात काय खोट आहे, असे विचारले. त्यांनी एक नग उलटसुलट करून पाहिला व म्हणाले, “भाई, मालात खोट नाही. हा रंग तुम्हाला या दुकानातल्या उजेडात दिसतो. तिथे खाली तो कसा दिसतो ते तुम्ही बघितलंत का?”

आम्ही पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी चाचांबरोबर धक्क्यावर गेलो आणि तंगुसाला बांधून एक नग पाण्यात सोडला. हातभरही खाली गेला नसेल तोच तो दिसेनासा झाला. आमचा सगळा व्यापार त्या हातभर पाण्यात बुडाला होता.

पाण्यात रंग का बदलतो?

वस्तूला स्वतःचा रंग असतो असे आपण समजतो. वास्तविक वस्तूवर उजेड पडतो, त्यातला काही ती परत फेकते आणि जो परत येतो तो आपल्याला तिचा रंग म्हणून दिसतो. लाल वस्तूवर लाल उजेड पोचलाच नाही तर ती लाल दिसणार कशी?

सूर्याच्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात. पाणी मात्र ते सारखे गिळत नाही. अगदी नितळ समुद्रात सर्वांत आधी लाल जातो. पाच मीटरवर, म्हणजे पावणेतीन वावांवर, त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा उरतो आणि दहा मीटरवर शंभरातले तीन-चार भाग. त्यामागोमाग नारिंगी व नंतर पिवळा जातो. निळा सर्वांत खोल पोचतो, म्हणूनच भर समुद्र निळा दिसतो. खोल पाण्यात बुडी मारणाऱ्यांना स्वतःच्या जखमेचे रक्तही काळपट किंवा हिरवट दिसते.

किनाऱ्याजवळच्या पाण्याचा हिशेब निराळा आहे. तेथे डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म शेवाळ असते आणि नद्यांतून कुजलेल्या पाल्याचा पिवळसर अर्क आलेला असतो. या दोन्ही गोष्टी निळा उजेड खातात. लाल पाण्यानेच खाल्लेला असतो. मधला हिरवा तेवढा खोल जातो आणि पाणी हिरवे दिसते.

पावसाळी खाडीत तर जांभ्याची तांबडी माती उतरलेली असते. तेथे सर्वच उजेड लवकर संपतो, पण निळा सर्वांत आधी संपतो. जो थोडाफार उरतो तो पिवळा, नारिंगी, तांबूस. आमचा निळा नकली मासा अशा पाण्यात गेला तेव्हा त्याच्यापर्यंत निळा उजेड पोचतच नव्हता. चांदीचा मुलामाही आरशासारखा असतो. समोर उजेड असेल तर चमकेल, नसेल तर सभोवतालच्या पाण्यासारखाच दिसून त्यात मिसळून जाईल. त्या खाडीत लपून बसायला उत्तम असा माल आम्ही लोकांना विकला होता.

पाणी मोजण्याची तबकडी

पाणी किती स्वच्छ आहे हे नुसत्या नजरेने सांगणे अवघड आहे. ऊन असले की गढूळ पाणीही बरे वाटते आणि ढग आले की नितळ पाणी काळे दिसते. यासाठी एक स्वस्त व सोपे साधन आहे. सन १८६५ मध्ये अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू व खगोलशास्त्रज्ञाने पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडून त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात याची मोजणी केली. पुढे १८९९ मध्ये अमेरिकेच्या जॉर्ज व्हिपल यांनी तबकडीचे चार भाग करून ते आळीपाळीने काळे व पांढरे रंगविले. आजही जगभर तळी, धरणे व खाड्यांचे पाणी याच तबकडीने तपासले जाते.

ही तबकडी आपल्या पत्र्याचे काम करणाऱ्या कोणत्याही कारागिराला अर्ध्या तासात करता येईल. वीस सेंटिमीटर, म्हणजे सुमारे आठ इंच व्यासाचा गोल पत्रा कापावा. मध्ये भोक पाडावे. वर सांगितल्याप्रमाणे चार भाग काळे-पांढरे रंगवावेत. रंग चकचकीत नसावा. खाली शिशाचे वजन बांधावे आणि न ताणणाऱ्या दोरीला दर अर्ध्या फुटावर खूण करावी.

मोजताना पुढील काळजी घ्यावी. सूर्य वर आलेला असावा. सकाळी दहा ते दुपारी दोन ही वेळ चांगली. होडीच्या सावलीच्या बाजूने तबकडी सोडावी, म्हणजे पाण्यावरची तिरीप डोळ्यांत जात नाही. काळा चष्मा काढून ठेवावा. तबकडी दिसेनाशी झाली ती खूण लक्षात ठेवावी, आणखी थोडी खाली सोडून हळूहळू वर घ्यावी आणि पुन्हा दिसू लागली ती खूणही घ्यावी. दोन्हींची सरासरी म्हणजे त्या पाण्याची पारदर्शकता. प्रवाहाने दोरी तिरकी जात असेल तर आकडा फसवा येतो. अशा वेळी वजन वाढवावे किंवा पाणी थांबण्याची वाट पाहावी.

या आकड्याचा आणखी एक उपयोग आहे. साधारणपणे त्याच्या अडीच ते तीन पट खोलीवर वरच्या उजेडाचा फक्त शंभरावा हिस्सा उरतो. खाडीत तबकडी दोन फुटांवर दिसेनाशी झाली तर पाच-सहा फुटांखाली जवळजवळ अंधारच समजावा. तेथे बारीक ठिपके, खवले आणि डोळ्यांची नक्षी यांवर खर्च केलेला पैसा व्यर्थ आहे.

तबकडी जवळ नसेल तर जो नकली मासा वापरायचा तोच काठीच्या टोकाने खाली सोडून पाहावा. शिवाय पाण्याच्या रंगावरही नजर ठेवावी. स्वित्झर्लंडचे फोरेल व जर्मनीचे ऊले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी निळ्यापासून तपकिरीपर्यंत एकवीस छटांचे एक मोजमाप तयार केले होते. आपल्याला एकवीस छटांची गरज नाही. निळे, हिरवे आणि मातकट एवढे तीन ओळखता आले तरी पुरे.

तीन प्रकारचे पाणी

आम्ही आमच्या सोयीसाठी पाण्याचे तीन वर्ग केले आहेत. किनाऱ्यावरच्या माणसाला हात आणि वाव ही मापे ठाऊक असतात, म्हणून तीच घेतली. चार हातांचा एक वाव, म्हणजे सहा फूट.

पहिला वर्ग, तबकडी एका हाताच्या आत नाहीशी होते असे गढूळ पाणी. येथे मासा लांबून पाहू शकत नाही. अंगाला असलेल्या रेषेतील इंद्रियाने तो पाण्याचा हेलकावा ओळखतो व जवळ आल्यावर डोळ्यांनी खात्री करतो. म्हणून नकली मासा जाड, पाणी ढवळणारा, आत छर्रे वाजणारा असावा आणि तो सावकाश ओढावा. रंग दोनच प्रकारचे चालतात. एक, अगदी गडद व सलग, म्हणजे काळा किंवा काळपट जांभळा, जो वरच्या उजेडापुढे सावलीसारखा उठून दिसतो. दुसरा, भडक पोपटी-पिवळा किंवा नारिंगी. चमक हवीच असेल तर चांदीपेक्षा सोनेरी किंवा तांब्याची घ्यावी, कारण तेथे उरलेला उजेड त्याच जातीचा असतो.

दुसरा वर्ग, एक हात ते एक वाव. खाडीच्या मुखाचे व किनाऱ्यालगतचे हिरवट पाणी बहुतेक वेळा याच वर्गात मोडते. आमच्या दुकानाचा निम्म्याहून अधिक खप याच पाण्यासाठी आहे. येथे पोपटी, हिरवा-सोनेरी व पांढरा हे रंग काम देतात. लाल डोके व पांढरे अंग ही जुनी जोडी येथे विशेष चालते. त्यामागे गूढ काही नाही. लाल रंग खाली गेल्यावर काळपट झाला तरी पांढऱ्या अंगाशी त्याचा विरोध कायम राहतो. गडद आणि फिकट शेजारी शेजारी असले की वस्तू नजरेत भरते.

तिसरा वर्ग, एका वावापेक्षा जास्त. हिवाळ्यात भांगाच्या दिवसांत खाडीच्या तोंडाशी आणि बाहेर सुरमईच्या समुद्रात असे पाणी मिळते. येथे मासा लांबून पाहतो, त्याला विचार करायला वेळ मिळतो आणि खोट त्याच्या लक्षात येते. भडक रंग येथे अनेकदा उलटा परिणाम करतात. निळी किंवा हिरवी पाठ, चांदीचे अंग, पांढरे पोट, थोडा पारदर्शक बांधा, लहान आकार आणि वेगवान ओढ असा माल द्यावा. तंगूसही बारीक लागतो. आमचे बारा डझन नग याच पाण्यासाठी जन्मले होते, हे आम्हाला उशिरा कळले.

उजेडाची वेळही पाहावी लागते. पहाटे, संध्याकाळी व ढगाळ दिवशी नितळ पाणीही एक वर्ग खाली उतरते असे धरावे. रात्री तर रंगाचा विषयच नाही. तेव्हा खालून वर पाहणाऱ्या माशाला आकाशापुढे फक्त आकृती दिसते आणि काळा नग सर्वांत ठळक ठरतो.

चांदाची तारीख आणि पाणी

एकाच खाडीचे पाणी रोज सारखे नसते. नव्या चंद्राला व पौर्णिमेला उधाण येते, पाण्याचा जोर वाढतो आणि तळाचा गाळ उठतो. मधल्या दिवसांत भांगाचे पाणी असते, प्रवाह मंद होतो आणि गाळ खाली बसतो. आपली हिजरी तारीख चंद्रावरच चालत असल्याने आपल्या दुकानदाराला हा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर तयार मिळतो. चांदाच्या १ ते ३ आणि १५ ते १७ या तारखांच्या सुमारास पाणी जास्त ढवळलेले, तर ७ ते ९ आणि २२ ते २४ च्या सुमारास जास्त निवळलेले असते. एखाद-दुसरा दिवस मागेपुढे होतो. वारा सुटला किंवा वर घाटात पाऊस झाला तर सगळेच बदलते, तेव्हा शेवटचा शब्द तबकडीचाच मानावा.

एका दिवसातही फरक असतो. भरतीबरोबर समुद्राचे स्वच्छ पाणी आत येते, ओहोटीला वरचा गाळ खाली वाहतो. म्हणून भरती पूर्ण होत आली की खाडीचे तोंड सर्वांत नितळ असते. गढूळ व नितळ पाणी एकमेकांना भेटते तेथे स्पष्ट रेघ दिसते. बोय व कोळंबी गढुळात लपतात आणि शिकारी मासा त्या रेघेच्या आसपास टपून असतो. ग्राहकाला ही एक गोष्ट सांगितली तरी तो दुकानाची आठवण ठेवतो.

माशाला रंग कळतो का?

काही जण म्हणतात, माशाला रंग कळतच नाही, तेव्हा कोणताही रंग द्यावा. हे सरसकट खरे नाही. पुष्कळ माशांच्या डोळ्यांत रंग ओळखण्याची सोय असते, पण ती प्रत्येक जातीत निराळी असते आणि आपल्यासारखी तर नसतेच. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी तेथील ‘लार्जमाउथ बास’ या गोड्या पाण्यातील माशावर प्रयोग केले व ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या माशाला लाल व हिरवा चांगले ओळखता आले. मात्र पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत त्याचा घोटाळा झाला, तसाच गडद निळा आणि काळा यांतही झाला. हा मासा आपल्या खाडीत नाही, त्यामुळे त्याचा निष्कर्ष जिताड्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण व्यापाऱ्याने घेण्यासारखा बोध त्यात आहे. आपल्या डोळ्यांना जे दोन रंग वेगळे दिसतात, ते माशाला एकच वाटण्याचा संभव असतो. कंपनीच्या पुस्तकात चाळीस रंग आहेत म्हणून आपल्या कपाटात चाळीस रंग भरण्याचे कारण नाही.

माकुलाचे उदाहरण आणखी स्पष्ट आहे. बहुतेक जातींच्या माकुलांच्या डोळ्यांत एकच रंगद्रव्य असते, म्हणजे आपल्या अर्थाने त्यांना रंग दिसत नाहीत. माकुलासाठी कोळंबीच्या आकाराचे जे रंगीबेरंगी गळ मिळतात, त्यांत रंगापेक्षा कोणता नग त्या पाण्यात गडद व कोणता फिकट दिसतो, हे महत्त्वाचे. दोन गडद व दोन फिकट ठेवले की काम भागते.

कारागीर बांधवांसाठी

आता ज्यांच्या हातात हुन्नर आहे त्यांच्याविषयी. परदेशी माल पाहून आपल्याला असे वाटते की हे मोठ्या कारखान्यांचेच काम. आज जगभर विकल्या जाणाऱ्या ‘रापाला’ या मालाची सुरुवात फिनलंडमधील लाउरी रापाला नावाच्या एका गरीब मच्छीमाराने १९३६ मध्ये केली. त्याने पाहिले की कळपातून लंगडत चालणारा कमजोर मासाच शिकारी मासा आधी उचलतो. तशी चाल साधण्यासाठी त्याने मोच्याच्या सुरीने बुचाचे लाकूड तासले, चॉकलेटवरचा चंदेरी कागद अंगाला चिकटविला आणि फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. १९६२ मध्ये अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकात त्यावर लेख आला आणि मागणी इतकी वाढली की माल पुरेना. आरंभीची सामग्री मात्र घरातल्या टाकाऊ वस्तूंची होती.

आपल्याकडे पांगाऱ्यासारखे हलके व मऊ लाकूड आहे आणि लाकूड रंगविणारे हातही आहेत. नकली मासे बनविताना रंगाच्या बाबतीत तीन-चार गोष्टी पाळाव्यात.

लाकडात पाणी शिरू नये म्हणून रंगाआधी ते नीट बंद करावे. भडक फ्लोरोसंट रंग सरळ लाकडावर देऊ नये. खाली पांढरा हात दिल्याशिवाय तो उठत नाही. बाजारात ‘रेडियम’ या एकाच नावाने दोन निराळे रंग विकले जातात, तेही ओळखावेत. फ्लोरोसंट रंग निळा व अदृश्य अतिनील उजेड घेऊन तो पिवळा, नारिंगी वा लाल करून परत टाकतो. त्यामुळे साधा लाल काळा पडतो त्या खोलीवरही तो पेटल्यासारखा दिसतो, मात्र उजेड मुळीच नसेल तर तोही निरुपयोगी. दुसरा ‘ग्लो’ रंग उजेड साठवून अंधारात चमकतो. तो रात्रीच्या व खोल पाण्याच्या कामाचा. पाठ गडद व पोट फिकट ही निसर्गाची पद्धत नितळ पाण्याच्या मालात मोडू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक नग पाण्यात ओढून पाहिल्याशिवाय विकू नये. चाल वाकडी असेल तर कोणताही रंग त्याला वाचवीत नाही.

एकाच साच्याचे तीन पाण्यांसाठी तीन रंग, असा तीन नगांचा संच कारागिराने तयार करावा असे आम्ही सुचवितो. गढुळाचा काळा किंवा भडक, हिरव्या पाण्याचा लाल डोक्याचा पांढरा आणि नितळाचा चंदेरी. ग्राहकाला समजते, दुकानदाराला सांगता येते आणि कारागिराचे रंगही मोजकेच लागतात.

दुकानातला हिशेब

त्या पहिल्या फटक्यानंतर आम्ही खरेदीची पद्धत बदलली. पूर्वी रंगाच्या पसंतीने माल घेत होतो, आता ऋतू पाहून घेतो. पावसाच्या सुरुवातीपासून दिवाळीपर्यंत दहा नगांत सहा गढुळाचे, तीन हिरव्या पाण्याचे व एक नितळाचा. थंडी पडली की गढुळाचे दोन, हिरव्याचे पाच व नितळाचे तीन. हा आमच्या खाडीचा अंदाज आहे. ज्याने त्याने आपल्या पाण्याप्रमाणे तो ठरवावा. सोलापूर किंवा नगरकडे धरणावर मरळ धरणाऱ्यांना माल विकणाऱ्याने धरणाचे पाणी मोजावे. उन्हाळ्यात शेवाळाने हिरवे झालेले पाणी आणि पावसात मातीने लाल झालेले पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फ्लोरोसंट रंगाचा माल दर्शनी काचेत उन्हात टांगू नये. उन्हाने तो फिका पडतो आणि फिका पडलेला नग नव्या भावाने विकणे म्हणजे ग्राहकाला फसविणे होय. काचेत एखादा नमुना लावावा, बाकी खोक्यात ठेवावेत.

दुकानाबाहेर आम्ही एक पाटी लावली आहे. त्यावर धक्क्यावरच्या पाण्याचा ताजा आकडा खडूने लिहितो, ‘आजचे पाणी : अडीच फूट’. तबकडी घेऊन जायला आमचा मुलगा किंवा दुकानातला पोऱ्या पुरतो. सुरुवातीला लोक हसले. आता कित्येक जण पाटी वाचण्यासाठीच थांबतात, आणि थांबलेला माणूस आतही येतो. आलेल्याला आम्ही तीन प्रश्न विचारतो. कुठे जाणार, किती खोल पाण्यात, आणि किती वाजता? त्यानंतरच कपाट उघडतो. कधी कधी त्याच्याजवळचाच जुना नग त्या दिवसाला योग्य असतो. तेव्हा तसे सांगतो. त्या दिवशीची विक्री बुडते, माणूस टिकतो.

येथे एक खुलासा करणे आमचे कर्तव्य आहे. रंग ही पहिली गोष्ट नव्हे. मासा ज्या खोलीवर आहे त्या खोलीवर नकली मासा गेला पाहिजे, त्याचा आकार व चाल ठीक पाहिजे, आणि मुळात तेथे मासा असला पाहिजे. या गोष्टी जुळल्यावर रंगाचा नंबर लागतो. म्हणून ‘याला लागणारच’ असे आम्ही आता कोणालाही सांगत नाही. ‘आजच्या पाण्यात हा दिसेल’ एवढेच सांगतो. तेवढे आम्ही स्वतः पाहिलेले असते.

त्या बारा डझनांचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. डिसेंबरात पाणी निवळले तेव्हा आम्ही ते खोके पुन्हा बाहेर काढले आणि फक्त बाहेर समुद्रात सुरमईला जाणाऱ्यांना दाखविले. होळीपर्यंत त्यांतले बहुतेक खपले, मूळ भावात. सप्टेंबरात नाराज होऊन गेलेले ते दोन ग्राहक मात्र अजून आलेले नाहीत. त्यांतले एक गृहस्थ बाजारात भेटतात, सलाम-दुआ होते आणि ते पुढे जातात. तबकडीला आम्हाला शंभर रुपयेही लागले नव्हते. ती आधी केली असती तर हे दोघे आज आमच्या खात्यात असते. ज्या बांधवांना या धंद्यात उतरायचे आहे त्यांनी मालाची यादी करण्यापूर्वी आठ इंचांचा पत्रा कापून घ्यावा आणि आपल्या गावचे पाणी निदान एक चांद, म्हणजे उधाण-भांगाचे दोन फेरे, रोज मोजून वहीत लिहावे. पहिली मागणी त्या वहीवरून करावी.